रात्री पावणेदहाचा संदेश : एका विभागीय समन्वयकाचं प्रकरण

समुपदेशकांच्या व्यावसायिक संघटनेत विभागीय समन्वयक म्हणून नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी हे प्रकरण लिहिलं आहे. या पदावरच्या लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी जे अनुभव येतात ते इथे एका प्रसंगात गुंफले आहेत. त्यामुळे यातली मुलगी, शाळा, समुपदेशक आणि समन्वयक यांपैकी कुणीही एक खरी व्यक्ती नाही. कायदे आणि त्यांतल्या तरतुदी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

पद आणि प्रदेश

संघटनेचं मुख्यालय पुण्यात. मराठवाडा विभागात आठ जिल्हे. एका टोकाच्या सदस्याला दुसऱ्या टोकाच्या कार्यशाळेला जायचं तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, या विभागाच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयं, मोजके खासगी मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यानंतर थेट शाळा, महाविद्यालयं आणि स्वयंसेवी संस्थांमधले समुपदेशक, एवढीच इथली फळी. या समुपदेशकांपैकी बरेच जण कंत्राटी आहेत, एकेकटे आहेत, आणि अवघड केस आली की विचारायला जवळ कुणी नाही.

समन्वयक एका वरिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतात. आधीच्या समन्वयकांची बदली झाली, ऑनलाइन बैठकीत "मॅडम, तुम्हीच घ्या, फार काम नसतं" असं झालं आणि त्यांचं नाव इतिवृत्तात गेलं. काम तोंडी सांगितलं गेलं : सदस्यनोंदणी, वर्षातून दोन कार्यशाळा, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम, आणि विभागाचा व्हॉट्सअॅप गट सांभाळणं. मानधन नाही, प्रवासाचं तिकीट दाखवलं की पैसे मिळतात. सदस्य अडचणीत आला, त्याच्या हातून चूक झाली किंवा त्याच्याबद्दल तक्रार आली तर समन्वयकाने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलंही नव्हतं. पुढचं सगळं या एका गोष्टीपाशी येऊन अडतं.

संदेश

नोव्हेंबरअखेर, रात्री पावणेदहा. एका तरुण सदस्याने गटावर लिहिलं. एका शिक्षण संस्थेच्या तीन शाळांना मिळून तो एकटा समुपदेशक. संदेश साधारण असा होता :

"नमस्कार सर्वांना. इ. ९ वी, मुलगी. आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, आजीजवळ राहते. दिवाळीनंतर एकदम गप्प झाली म्हणून वर्गशिक्षिकांनी आणली. शेजारच्या नात्यातल्या माणसाची भीती वाटते म्हणाली. 'अंगाला हात लावतो' एवढं बोलली आणि रडायला लागली. पुढे काही विचारलं नाही. सोबत तिने काढलेलं चित्र जोडत आहे. मी पुरुष असल्यामुळे पुढचं सेशन घ्यावं की नाही समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे."

मुलीचं नाव नाही, गावाचं नाव नाही. चित्र मात्र शाळेच्या वहीच्या पानावर काढलेलं, आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात संस्थेचा छापील शिक्का अर्धा दिसत होता.

गटात शंभराच्या वर माणसं. सगळेच समुपदेशक नाहीत : एम.ए.चे विद्यार्थी आहेत, कार्यशाळेला आलेले शिक्षक आहेत, आणि त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या एक शिक्षिकाही आहेत. पाच-सात मिनिटांत उत्तरं येऊ लागली. कुणी हात जोडले. कुणी प्ले थेरपीची पीडीएफ टाकली. एकाने चित्रातल्या झाडाला फांद्या का नाहीत याचा अर्थ लावला. एकाने विचारलं, "तालुका कोणता, सर?" आणि समुपदेशकाने भाबडेपणाने तालुका सांगून टाकला.

शहरात नाव गाळलं की ओळख बऱ्यापैकी झाकली जाते. खेड्यात तसं होत नाही. इयत्ता, आईवडील तोडीला, आजीकडे मुक्काम, संस्थेचा अर्धा शिक्का आणि वर तालुका. त्या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला मुलगी ओळखायला एवढं पुष्कळ झालं. आणि शेजारचा नात्यातला माणूस म्हटलं की तोही ओळखू येतो. त्याच्या कानावर ही गोष्ट पोलिसांच्या आधी गेली तर मुलीवर काय ओढवेल, याचा विचार त्या गटात त्या क्षणी कुणाच्याच मनात नव्हता.

पहिला तास

समन्वयकांनी संदेश दहाला पाच कमी असताना पाहिला. गटावर काही न लिहिता त्यांनी थेट त्याला फोन लावला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. आचारसंहिता, गोपनीयता हे सगळं त्यांनी नंतरसाठी ठेवलं. पहिला प्रश्न होता : "अरे, ती आज रात्री कुठे झोपणार आहे?"

त्याला माहीत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच. गटातल्या उत्तरांत तंत्र होतं, सहानुभूती होती, चित्राचा अर्थही होता; मुलगी त्या रात्री सुरक्षित आहे का, हे कुणी विचारलं नाही. समन्वयकांना बालसंरक्षणाचा खास अनुभव होता असंही नाही. वर्गात त्या मुलांना शिकवत आल्या होत्या की आधी सुरक्षितता, मग बाकीचं, आणि वेळेला ते आठवलं.

वर्गशिक्षिका त्याच गावच्या निघाल्या. समुपदेशकाने त्यांना फोन केला. त्या आजीकडे गेल्या आणि तिथेच मुक्काम केला. पुढच्या काही मिनिटांत समन्वयकांनी ॲडमिन म्हणून मूळ संदेश आणि तालुक्याचं उत्तर सर्वांसाठी डिलीट केलं आणि गट फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा केला. मग चार ओळी टाकल्या : संदेश काढला आहे, ज्यांच्या फोनमध्ये चित्र आपोआप उतरलं असेल त्यांनी गॅलरीतून काढावं, कुणी पुढे पाठवलं असेल तर मला वैयक्तिक फोन करावा, रागावणार नाही, या विषयावर गटात किंवा गटाबाहेर चर्चा नको. "रागावणार नाही" हे शब्द घातले म्हणूनच दोघींचे फोन आले. एकीने फोटो नवऱ्याला दाखवला होता, दुसरीने मैत्रिणीला पाठवला होता. मैत्रिणीच्या फोनमधून तो काढून घेता आला.

नंतर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला कॉन्फरन्स कॉल झाला. समुपदेशकाने माहिती दिली, समन्वयकांनी स्वतःचं नाव आणि नंबर दुसरा संपर्क म्हणून दिला.

कायदा काय मागतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. "कोणत्याही व्यक्तीने" यात समुपदेशकाला गोपनीयतेची सूट नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे, आणि सदस्यांना हे पहिल्यांदा सांगायला हवं, कारण बहुतेकांचे पाय तिथेच अडखळतात.

नव्या समन्वयकांचा एक गैरसमज नेहमी असतो : १०९८ ला फोन केला म्हणजे कळवणं झालं. तो फोन मुलाला ताबडतोब आधार मिळावा म्हणून. कलमात लिहिलं आहे पोलीस. म्हणून सकाळी पोलीस ठाण्यात लेखी माहिती देणं शिल्लक होतंच. कलम २३ मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करायला मनाई करतं. व्हॉट्सअॅप गट त्यात कितपत बसतो यावर वकिलांनी वाद घालावा. समन्वयकाने बसतो असंच धरून चालावं.

दुसरा दिवस

सकाळी मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं, "आधी अध्यक्षसाहेबांच्या कानावर घालू. आईवडील कारखान्यावरून येऊ देत, मग बघू." शाळेत सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कागदावर होती, तिची बैठक कधी झाली ते कुणाला आठवेना. समुपदेशक कंत्राटी. अध्यक्षांची नाराजी म्हणजे जूनमध्ये कंत्राट नाही.

समन्वयकांचा शाळेवर काडीचा अधिकार नव्हता, आणि त्यांनी तो असल्याचा आव आणला नाही. मुख्याध्यापकांना फोन करून दरडावणं सोपं होतं, त्याने समुपदेशक आणखी एकटा पडला असता. त्या स्वतः दीडशे किलोमीटरवर होत्या, परीक्षेचं काम होतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, फोनवर त्याच्याकडून माहितीचा मजकूर लिहून घेतला : मुलगी काय बोलली ते तिच्याच शब्दांत, कोणत्या तारखेला, कोणासमोर, स्वतःचा अंदाज नाही, चित्राचा अर्थ नाही, निदान नाही. दोन, त्याच जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ समाजकार्यकर्त्या सदस्याला त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायला सांगितलं. या बाईंना जिल्हा बालसंरक्षण कक्षात कोण बसतं, बालकल्याण समितीची बैठक कोणत्या वारी असते हे पाठ होतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो (कलम २४), हे त्यांनी ठाण्यात शांतपणे सांगितलं, आणि तसं झालं.

विभागीय पदाचं खरं काम मला इथे दिसतं. पुण्यातल्या कार्यकारिणीला कायदा याहून चांगला माहीत होता. पण त्या तालुक्यात सकाळी अकरा वाजता त्या तरुण समुपदेशकाशेजारी बाकावर बसेल असं माणूस कोण, हे फक्त समन्वयकाला ठाऊक होतं. कार्यशाळा, बॅनर, प्रमाणपत्रं यांतून ओळखी होतात म्हणूनच त्यांना किंमत.

मुलीचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. अभ्यासासाठी ते लागत नाही.

मग सगळे समन्वयकांकडे वळले

संध्याकाळी कार्यकारिणीतल्या एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला. पहिलं वाक्य : "आपल्या संघटनेचं नाव कुठे लिहून दिलं नाही ना?" त्याच रात्री एका ज्येष्ठ सदस्याचं पत्र आलं. त्यांची मागणी, गोपनीयता मोडणाऱ्या समुपदेशकाचं सदस्यत्व समन्वयकांनी तत्काळ निलंबित करावं. दुसऱ्या बाजूने चार-पाच तरुण सदस्य म्हणत होते की पोराने मदत मागितली, प्रकरण इथेच मिटवा.

दोन्ही मागण्या समन्वयकांच्या हातातल्या नव्हत्या. आचारसंहितेचा प्रश्न नीतिसमितीचा. शिवाय तो त्यांचा विद्यार्थी. त्याला शिक्षा देणं किंवा पाठीशी घालणं, दोन्ही त्यांच्या हातून व्हायला नको. त्यांनी नीतिसमितीला एक पान लिहिलं, घटना क्रमाने मांडली, नातं उघड केलं आणि निर्णयातून स्वतःला बाजूला ठेवलं. पत्र पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. मला ही कृती फार आवडते. तक्रार पाठीमागे गेली असं त्याला वाटलं असतं तर संघटनेतला एक माणूस तिथेच संपला असता.

संघटनेच्या हातात मुळात किती बळ आहे, हेही समन्वयकाला ठाऊक असावं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकाची जी व्याख्या आहे तीत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार क्षेत्रातले परिचारक आणि समाजकार्यकर्ते येतात, एम.ए. किंवा पदविका करून शाळेत बसलेला समुपदेशक तीत बसत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने वर्तनविषयक आरोग्याच्या गटात समुपदेशकांना पहिल्यांदा जागा दिली. पण एखाद्या तालुक्यात आज समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्याला संघटनेचं सदस्य असायची सक्ती नाही. निलंबित केलं तर तो उद्या सदस्यत्वाशिवाय तेच काम करील, आणि मग त्याला विचारणारं कुणीच उरणार नाही. ज्येष्ठ सदस्याच्या पत्रात तत्त्वाची चूक नव्हती, पण परिणामाचा विचार नव्हता.

नीतिसमितीने समुपदेशकाचं म्हणणं ऐकलं, लेखी समज दिली आणि सहा महिने नियमित सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली केसवर चर्चा करण्याची, अट घातली. सुपरव्हायझर समितीने दिला, दुसऱ्या विभागातला.

त्याने गटावर का विचारलं

शिस्तीच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडला होता. समन्वयकांनी तो कार्यकारिणीच्या बैठकीत लावून धरला. त्याने गटावर विचारलं कारण विचारायला दुसरी जागाच नव्हती. तीन शाळा, एक माणूस, मुख्याध्यापक वरिष्ठ पण या विषयात अजाण, सुपरव्हायझर शून्य. संघटनेने त्याला आचारसंहितेची पुस्तिका दिली होती. रात्री पावणेदहाला उचलला जाईल असा फोन दिला नव्हता.

ही गरज वाढणारच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. निर्णय फार चांगला आहे. पण नेमणुका होतील त्या बऱ्याचशा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांच्या, कंत्राटावर, आणि अशाच एकट्या. त्यांना कुठल्याही औपचारिक व्यवस्थेआधी समन्वयकाचा नंबर सापडणार.

विभागात बदल झाले ते साधे. मुख्य गट सूचनांपुरता राहिला. केसवर बोलण्यासाठी दर महिन्याला ऑनलाइन बैठक, फक्त काम करणाऱ्या सदस्यांसाठी, फोन समोर न ठेवता. केस मांडताना एक नियम : वय, इयत्ता, गाव, घरचा धंदा, कुटुंबाची घडण यांपैकी ज्याशिवाय चर्चा होऊ शकत नाही तेवढंच सांगायचं, आणि दोन तपशील एकत्र आल्यावर माणूस ओळखू येतो का हे आधी स्वतःला विचारायचं. चित्रं, वहीची पानं, चिठ्ठ्या यांचे फोटो अजिबात नाहीत. तातडीच्या वेळी करायच्या फोनचा एक कागद प्रत्येक सदस्याला गेला : १०९८, ११२, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, आणि जिल्हानिहाय बालसंरक्षण कक्ष आणि ओळखीचा एक ज्येष्ठ सदस्य. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि उपयोगी पडतो तोच.

समन्वयकांचं काय

त्या आठवड्यानंतर त्यांचा फोन थांबेना. सदस्य रात्री अकराला केस घेऊन येत. संघटनेच्या पत्रकावर नंबर छापलेला, त्यामुळे पालकही थेट फोन करीत. घरी सासूबाईंचं आजारपण, कॉलेजात नॅकची तयारी. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा लिहिला.

कार्यकारिणीचा पहिला प्रतिसाद नेहमीचा होता : तुमच्याशिवाय कोण करणार. याला मी विनवणी म्हणणार नाही, ही जबाबदारी झटकणं आहे. स्वयंसेवक पैसे घेत नाही म्हणून त्याचा वेळ फुकट होत नाही. समन्वयकांनी राजीनामा मागे घेताना पाच ओळींच्या अटी ठेवल्या आणि त्या ठरावात घालून घेतल्या. आठ जिल्ह्यांसाठी त्यांच्याबरोबर दोन उपसमन्वयक. मुदत दोन वर्षं, पुढे लागोपाठ नाही. पत्रकावर वैयक्तिक नंबर छापायचा नाही, संघटनेचं वेगळं सिमकार्ड, रात्री नऊनंतर ते आळीपाळीने. समन्वयक सुपरव्हायझर नाही, तक्रार निवारक नाही, हेल्पलाइन नाही. योग्य जागा दाखवणं एवढंच तिचं काम, हे लेखी. आणि समन्वयकाला स्वतःला बोलायला मुख्यालयातली एक ठरलेली व्यक्ती.

शेवटच्या अटीवर बैठकीत थोडी कुजबुज झाली. इतक्या अनुभवी प्राध्यापकांना कशाला, असा सूर. त्या म्हणाल्या, "त्या रात्री मी पाच फोन केले. सगळे झाल्यावर मला कुणाला करायचा ते कळेना." ठराव मंजूर झाला.

प्रशिक्षणात वाद कुठे होतो

हे प्रकरण नव्या समन्वयकांपुढे ठेवलं की गोपनीयतेवर सहसा एकमत होतं. वाद होतो तो त्यांनी १०९८ ला स्वतःचं नाव दिलं यावर. एक बाजू म्हणते, नाव द्यायला नको होतं : मुलीला त्या भेटल्या नाहीत, ऐकीव माहिती, उद्या साक्षीला बोलावलं तर संघटना कोर्टात ओढली जाईल, आणि प्रत्येक समन्वयकाकडून हीच अपेक्षा झाली तर पद घ्यायला कुणी पुढे येणार नाही. दुसरी बाजू म्हणते, कलम पदाधिकारी आणि सामान्य माणूस यांत फरक करत नाही; वाचलं त्याला माहीत झालं.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूची भीती मला खोटी वाटत नाही. ती भीती दूर करणं संघटनेचं काम आहे : अशा वेळी समन्वयकाच्या पाठीशी वकील कोण, साक्षीला जायचा खर्च कुणाचा, सुट्टी पडली तर कॉलेजला पत्र कोण देणार. मराठवाडा विभागाच्या ठरावात याबद्दल अजून एक ओळही नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी तो मुद्दा दिला आहे, आणि ज्या विभागांत नवे समन्वयक येत आहेत त्यांनी पद घेण्याआधी आपापल्या कार्यकारिणीकडे तो लेखी मागावा.